भाषेइतकाच ताग आणि मतपेटी
'भाषेवरून पाकिस्तान फुटला', म्हणजे १९७१ला पूर्व पाकिस्तान वेगळा होऊन बांगलादेश झाला, असं म्हटलं जातं; ते खरं, पण अपुरं. बंगालीला राजभाषेचं स्थान १९५६च्या घटनेत मिळालं होतं. तरी खदखद वाढतच गेली, कारण ताग पिकवायचा पूर्व पाकिस्तानने आणि त्यातून येणारं परकीय चलन मोठ्या प्रमाणावर जिरायचं पश्चिम पाकिस्तानात. नोव्हेंबर १९७०मध्ये पूर्वेला धडकलेल्या भोला चक्रीवादळात लाखो माणसं गेली, मदत रखडली. पुढच्याच महिन्यात झालेल्या राष्ट्रीय निवडणुकीत शेख मुजीब यांच्या अवामी लीग या पूर्वेतल्या पक्षाने पूर्वेच्या १६२पैकी १६० जागा जिंकल्या. ३००च्या सभागृहात स्पष्ट बहुमत! तरीही १ मार्च १९७१ला लष्करी राष्ट्राध्यक्ष याह्या खान यांनी या सभागृहाचं अधिवेशन पुढे ढकललं. रेडिओवर घोषणा झाली तेव्हा ढाक्याच्या स्टेडियमवर क्रिकेटचा सामना रंगला होता. प्रेक्षक तो सोडून घोषणा देत रस्त्यावर आले. माझ्या मते पूर्व पाकिस्तान संपला तो त्या दुपारी, डिसेंबरमधली पाकिस्तानी सैन्याची शरणागती नंतरची.