अनुभव धागा: मूल्यशिक्षण तक्त्यावरचं नको, वर्गात घडलेलं सांगा

१९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड! पोरं शाळेत आली, पण त्यांना पाढ्यांपलीकडं काय द्यायचं, हे कोडं अजून मास्तरांच्या गळ्यात आहे. श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, वक्तशीरपणा अशी मूल्यं परिपाठात पाठ होतात. तुटपुंज्या साधनांच्या शाळांत शिकवणाऱ्यांनी त्यापुढचं लिहा. फसलेलं आधी. माझ्यापासूनच सुरुवात करतो.

माझी गगनबावड्याकडची द्विशिक्षकी शाळा. वर्गात बिनदुकानदाराचं दुकान मांडलं: पेन्सिली, खोडरबर, वह्या आणि शेजारी पैशाचा पत्र्याचा डबा. आठवड्यानं ३८ रुपये कमी भरले. मी परिपाठात प्रामाणिकपणावर वीस मिनिटं झोडपलं. मधल्या सुट्टीत चौथीतली एक पोरगी हळूच म्हणाली, "सर, पयलीच्या पोरांस्नी दोनाचं आन् पाचाचं नाणं वळखत न्हाई." खरंच की! त्यांच्या लेखी एक वस्तू म्हणजे एक नाणं. चूक माझ्या गणिताच्या तासाची होती आणि बोलणी खाल्ली पोरांनी. मग तिनंच नाण्यांवर कागद ठेवून पेन्सिलीनं छाप उमटवले आणि खोक्यांवर चिकटवले. पुढच्या आठवड्यात तूट ४ रुपये. त्या चारांची चौकशी मी केली नाही. माफी मात्र सगळ्यांसमोर मागितली. जड गेलं.

---

शिरोळ तालुक्यात ऊसतोड मजुरांच्या पालांवर दोन हंगाम शिकवलं. पुस्तिकेत जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यं होती. मी निर्णय घेण्यापासून सुरू केलं. नको ते नको म्हणायचं, असं नाटुकलं करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बीडकडची एक आई पालाबाहेर उभी. "बाई, काय शिकवलंत पोरीला? धाकट्याला घेत नाही म्हणती. मग मी फडात जाऊ का लेकरू बघू?"

पोरगी नऊ वर्षांची. नवराबायकोचा कोयता, म्हणजे तोडीची जोडी, पहाटे फडात जाणार, उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे फिटायचे, दुपारी वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या विकायच्या. त्यात माझा तास कुठं बसवायचा? मला उत्तर सुचलं नाही. शेवटी जुन्या साडीची झोळी वर्गाच्या बांबूलाच बांधली आणि धाकट्याला घेऊनच ये म्हटलं. पुढं झोका कुणी द्यायचा यावरून पोरांचे इतके वाद झाले, की पाळ्या लावणं हाच आमचा आठवडाभराचा धडा झाला. मुलग्यांची पाळी चुकवायची नाही, हा नियम पोरींनी केला.

---

आमच्याकडं मूल्यशिक्षणाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि चौथ्या दिवसापासून फोटो अपलोड. सहकार्याचा फोटो नीट येईना म्हणून पोरांना तीनदा एकमेकांचे हात धरून उभं केलं. नाद खुळा!

---

मी कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीच्या बाजूची. २०१९ च्या ऑगस्टात पूर, २०२१ च्या जुलैत परत. शाळा उघडल्यावर विचारलं, घर सोडायला पाच मिनिटं असली तर काय कराल? माझ्या डोक्यात कागदपत्रं आणि औषधं. पाचवीतला एकजण म्हणाला, "पयली म्हस सोडायची." एकीनं त्याला झापलं, "आन् आज्जी?" अर्धा तास भांडण. शेवटी ठरलं, आजीला आधी न्यायचं आणि विळा गोठ्यात वरच्या खुंटीला अडकवायचा. पाण्यात दाव्याची गाठ फुगते, हातानं सुटत नाही.

---

शिरोळच्या ताई, झोळीचं पुढं काय झालं?

---

मार्चला पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, टोळी गावी गेली. साडी माझ्याकडंच आहे. टोळी नेणारा मुकादम बदलला की त्यांचा कारखाना बदलतो, त्यामुळं दिवाळीनंतर ती पोरगी इकडंच येईल असं नाही.