पाडलेल्या वाड्याशेजारच्या भिंतीवरची भोकं कसली? (जुनं नाशिक)

टेम्पो_नाशिकरोड:
नमस्कार मंडळी. मी नाशिकरोडहून औषधांची खोकी घेऊन भद्रकाली, दहीपूल, रविवार कारंजा करत पंचवटीत जातो. गल्लीत गाडी अडकली की नजर आपोआप वर जाते. दहीपुलाच्या अलीकडे एक वाडा पाडलाय. जागा सपाट झाली, पण शेजारच्या भिंतीवर आख्खं घर उमटून राहिलंय. चौकोनी भोकांच्या दोन सरळ ओळी, मधे एक काळवंडलेला कोनाडा, कमरेइतका हिरवा ऑइलपेंट, एक लाकडी खुंटीसुद्धा. ही भोकं कसली? आणि या वाटेवर आणखी काय बघण्यासारखं आहे?

कडीपाट:
दादा, भोकं लहान आणि जवळजवळ असतील तर ती कड्यांची, म्हणजे छताच्या बारीक आडव्या लाकडांची टोकं भिंतीत बसायची त्यांची. मोठी आणि लांब लांब असतील तर तुळयांची, म्हणजे जाड आडव्या लाकडांची. कड्यांवर फळ्या, फळ्यांवर माती, असं ते कडीपाटाचं छत. दोन ओळी म्हणजे छतं दोन. पहिली ओळ जमिनीपासून किती उंचीवर आहे बघा, जुने मजले बुटके असायचे. काळा कोनाडा म्हणजे दिवळी, तेलाच्या दिव्याची काजळी आहे ती. खाली घडीव काळ्या दगडाचा थर दिसला तर ते जोतं, घराचा चौथरा.

नवी इमारत उठली की ही भिंत कायमची झाकली जाते. फोटो आत्ताच काढा. ऊन तिरपं असताना काढा, भोकं उठून दिसतात. वाडे पाडताना अडवणं आपल्या हातात नसेल, पण नोंद ठेवणं नक्की आहे. असंच लाकूडकाम जागेवर उभं बघायचं तर सराफ बाजारातल्या सरकारवाड्यात जा.

पंचवटीकर_ताई:
भाऊ, मेनरोडवरची जुन्या नगरपालिकेची इमारत वाटेत येत असेल ना? तिथून नाशिकरोड स्टेशनपर्यंत पूर्वी घोड्यांची ट्राम होती. १८८९ ला सुरू झाली, १९३० नंतर बंद पडली. मधे बरंचसं रान होतं म्हणतात.

रविवार कारंजाकडून होळकर पुलावर चढताना कोपऱ्यावर सुंदरनारायण, १७५६ चं. पूल ओलांडल्यावर मात्र गाडी लावा आणि गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, पायी उतरा. नारोशंकराचं देऊळ १७४७ चं आहे, दर्शनी भागावरची मोठी घंटा १७३९ च्या वसईच्या विजयाची. पुराचं पाणी घंटेपर्यंत आलं का, हे नाशिककर अजूनही विचारतात.

टेम्पो_नाशिकरोड:
ताई, नगरपालिकेच्या इमारतीवरून रोज जातो, ट्रामचं माहीत नव्हतं. कडीपाट साहेब, आज परत बघितलं. भोकं लहान, वीतभर अंतरावर, म्हणजे कड्याच. जोत्याचे दगड कोपऱ्यात रचून ठेवलेत, बहुतेक विकायचे असतील. फोटो काढलेत, रात्री इथे टाकतो. खुंटीच्या वर आणखी एक बुजवलेली चौकट दिसते, दाराएवढी. दोन्ही घरांना मधून दार असायचं का?

कडीपाट:
भाऊबंदांचे वाडे असले की असायचं. वाटणी झाली की बुजवायचे. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांच्या बाजूनेही ती चौकट असेल.