चाकण सोडून औशाकडं डाळ मिल टाकावी का?

औसेकर:
रामराम मंडळी. मी औसा तालुक्यातला, डिप्लोमा मेकॅनिकल. चाकणला एका कंपनीत ठेकेदाराच्या हजेरीवर आहे. पगाराचा निम्मा हिस्सा खोली आणि मेसमध्ये जातो, आणि ठेकेदार बदलला की गेटपास नव्यानं काढा. गावाकडं सहा एकर कोरडवाहू, सोयाबीनमध्ये तुरीचे पट्टे. आमची तूर लातूरच्या आडतीवर जाते अन् इथला मेसवाला दुकानातून डाळ आणतो, ते बघून डोक्यात मिनी डाळ मिल शिरलीय. वडील म्हणतात, लातूरजवळ हरंगुळच्या रेल्वे कोच फॅक्टरीत लागतंय का बघ. मावसभाऊ म्हणतो, संभाजीनगरजवळ बिडकीनला टोयोटा येतेय, थांब. मशीनवाला म्हणतो दहाएक लाखांत काम होईल, ३५ टक्के सरकार देतं. करावं का? जाणकारांनी सांगा. मोटिव्हेशन नको, ते रीलमध्ये भरपूर मिळतं.

वाळूजवाला:
थांब असंच सांगेन. बजाज १९८५ ला वाळूजला आली आणि तिच्या मागं व्हेंडरांची रांग लागली. आमचे वडील अशाच एका शॉपमध्ये टर्नर होते, त्यावर आम्ही तिघं शिकलो. शेंद्रा-बिडकीनचं ऑरिक, म्हणजे नवं औद्योगिक शहर, दहा हजार एकरांचं आहे, टोयोटानं जुलै २०२४ मध्ये वीस हजार कोटींचा करार केलाय. डिप्लोमा आणि शॉप फ्लोअरचा अनुभव हातात असताना डाळ काय भरडतोस?

तूरवाला निलंगा:
वाळूजवाले भाऊ, करार आणि भरती यांत काही वर्षं जातात. कोच फॅक्टरीचंच बघा. २०१८ ला भूमिपूजन झालं, डिसेंबर २०२० ला डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला, आणि पोरं अजून विचारतात की जागा कधी निघणार. मोठे कारखाने यावेत, नक्की यावेत. पण त्यांच्या भरवशावर याचं वय थांबणार नाही.

औसेकर, आता तुझं. मी निलंग्याकडं छोटी मिल चालवतो. मशीनचा विचार सगळ्यात शेवटी कर. मिल बुडते ती खेळत्या भांडवलापायी. तूर वर्षातून एकदाच येते, जानेवारी ते मार्च, आणि तेव्हा घेतली नाही तर पुढं व्यापाऱ्याच्या भावानं घ्यावी लागते. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये आहे. १०० क्विंटल घ्यायची म्हटली तर ८ लाख आधी मोजायचे, आणि एवढी तूर मिनी मिलला पंधरवडाही पुरत नाही. शेतकऱ्याला पट्टी रोख लागते, किराणावाला मात्र महिनाभराची उधारी मागतो. मधला महिना तू कशावर काढणार?

३५ टक्क्यांचंही नीट समजून घे. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत जास्तीत जास्त १० लाख मिळतात, पण ते खिशात येत नाहीत. बँकेत तीन वर्षं अडकून राहतात, आणि हप्ते नियमित, मिल चालू, तरच कर्जात वळते होतात. तोवर मशीनवाल्याला पूर्ण पैसे गेलेले असतात. कोटेशन फुगवून देणारा मशीनवाला भेटला तर उठून ये.

म्हणून माझं म्हणणं, पहिली दोन वर्षं खरेदी-विक्रीत पडूच नको. भरडाईवर चालव. माल शेतकऱ्याचा, तू फक्त मजुरी घ्यायची. आमच्याकडं उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची डाळ करून घेतात, आता पुण्यातल्या लेकीबाळींसाठी पण करून घेतात. चाळून, ओरखडे पाडून, तेल चोळून रात्रभर ढीग लावायचा, मग पाण्याचा हात देऊन वाळवायचं आणि भरडायचं. क्विंटलमागं ७० ते ७५ किलो डाळ निघते. चुनी, म्हणजे भरडताना पडणारा चुरा, कोणाची हे आधीच ठरव, दूधवाले ती हातोहात नेतात, सगळी भांडणं तिथंच होतात. बीडीएन-७११ वाणाची पांढरी तूर आणि बीएसएमआर-७३६ ची लाल एकत्र करू नको, एकीची साफ फटका डाळ निघते तोवर दुसरी नुसती भुगा होते. आणि पावसाळ्यात वाळवण बंद, म्हणजे मिल पण बंद. हिशेब बारा महिन्यांचा मांडू नको.

वसमतची ताई:
आमचा हळदीचा गट आहे, म्हणून एक सांगते. वसमत हळदीला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, तुमच्या बोरसुरीच्या तूरडाळीलाही मिळालंय. पण नुसत्या मानांकनानं गिऱ्हाईक येत नाही. आमची पहिली पाकिटं पुण्यात गेलेल्या गाववाल्यांनी घेतली, त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवरून पुढं गेली. दादा, तुम्ही चाकणला आहात तोवरच ही गिऱ्हाइकं जोडा. गावाकडं आल्यावर हे होत नाही.

औसेकर:
ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याच मेसला साठ पोरं जेवतात. निलंग्याचे अण्णा, भरडाईचं पटलं. पण मिल शेतात टाकली तर चालेल का? थ्री फेज आहे पंपाला. आणि यंदाच्या तुरीचं काय करू, वडील लगेच विकायला निघालेत.

तूरवाला निलंगा:
पंपाच्या लाइनवर अजिबात नको. शेतीची वीज पाळीनं येते, रात्री दोनला काय डाळ करणार? वर पकडलं तर दंड वेगळा. गावठाणात जागा बघ, औद्योगिक कनेक्शनचा अर्ज मशीनच्या आधी टाक, त्यालाच वेळ लागतो.

तूर विकू देऊ नको. बाजार समितीच्या गोदामात तारण ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा टक्के व्याजानं, १८० दिवसांसाठी. सातबाऱ्यावर पीकपेरा लागलाय का तेवढं आधी बघ. त्यातली दोन पोती मात्र घरी ठेव आणि मार्चमध्ये सुट्टी काढून माझ्याकडं ये, डाळ करून देतो. ती मेसवाल्याला घाल आणि काय म्हणतो ते इथं लिही.

वाळूजवाला:
मेसवाल्याकडून पैसे रोख घे रे बाबा.