शब्दचर्चा : दोस्त गेल्यावर पोराला काय होतं?

सोलापुरातल्या एका शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मुलांच्या काही कादंबऱ्यांची ओळख लिहितेय. वाचणारी मुलं दहा-बारा वर्षांची. या कादंबऱ्यांत जिवलग मित्र किंवा मैत्रीण मरते आणि मागे राहिलेल्या मुलाची गोष्ट सुरू होते. त्या मुलाच्या अवस्थेला काय म्हणावं?

'शोक' नको वाटतो. धातू 'शुच्', म्हणजे जळणं, पोळणं. अर्थ अगदी नेमका, पण आज तो भेटतो शोकसभेत आणि शोकप्रस्तावात. 'दुखवटा' म्हटलं की अर्ध्यावर उतरवलेला झेंडा दिसतो. 'दुःख' तर मार्क कमी पडले तरी होतं. 'पोरका' आईबाप गेल्यावर, 'सुतक' भाऊबंदांना. बाकावरचा शेजारी गेला तर मुलाला सुतक नाही, त्याला भेटायलाही कुणी येत नाही. त्याच्या या अवस्थेला नाव नाही म्हणूनच मोठ्यांचं तिकडे लक्ष जात नाही, असं मला वाटतं.

प्रतिसाद : ताई, नाम शोधू नका, क्रियापद घ्या. आपली पोरं म्हणतात, 'मला करमंना.' करमणे म्हणजे वेळ सुखात जाणे. 'करमणूक' त्यातलीच; ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये काढलेल्या साप्ताहिकाचं नावही तेच. शिवाय 'शोक करू नको' असं मुलाला बजावता येतं, पण 'मला करमत नाही' म्हणणाऱ्याला तसा हुकूम सोडताच येत नाही. ते तो करत नसतो, त्याला होत असतं.

प्रतिसाद : करमेना सुंदर आहे, पण बहीण सासरी गेली तरी करमत नाही. ती दिवाळीला येते. मेलेली मैत्रीण येत नाही, हा फरक त्या शब्दात नाही. कॅथरीन पॅटरसन यांची 'ब्रिज टू टेराबिथिया' (१९७७) घ्या. त्यांच्या मुलाची मैत्रीण वीज पडून गेली, त्यातून ती लिहिली गेली. त्यातल्या जेसला बातमी आधी खोटीच वाटते. मग मैत्रिणीने दिलेले रंग तो पाण्यात भिरकावून देतो. हा राग आहे, करमणं-न करमणं फार नंतरचं. आणि कृपा करून 'देवाघरी गेली' लिहू नका. 'वारली' लिहा, 'मेली' लिहा, मुलांना कळतं.

रागाचं पटलं. मग एकच शब्द सगळीकडे वापरत नाही. जिथे खोटं वाटतं तिथे 'खोटं वाटलं', जिथे चिडतो तिथे 'चिडला', आणि शाळा पुन्हा सुरू होऊन शेजारची जागा रिकामी दिसते तिथे 'करमेना'. 'वारली' ठेवते; 'मेली' अजून माझ्या हातून उतरत नाही.

आता एक विचारायचं राहिलं. हे भित्तिपत्रक वाचणारी बरीच मुलं पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी, काही कन्नड. 'करमत नाही'साठी त्यांच्या घरात कोणता शब्द आहे? ज्यांच्या घरी ती भाषा आहे त्यांनीच सांगावं, तोही मी शेजारी लिहीन.