एक्के आले की मीच का हरतो? भारी पानांनीच अख्खा स्टॅक (समोरचे सगळे चिप्स) जातोय

रिव्हरचा_मारा

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, रडगाणं वाटलं तर सरळ पुढे जा. ऑनलाइन पोकर खेळतो, होल्डम: प्रत्येकाला दोन पानं, मध्ये सगळ्यांसाठी पाच, आधी तीन (फ्लॉप), मग चौथं (टर्न), मग पाचवं (रिव्हर). सहाचं टेबल, छोटे स्टेक्स (कमी पैशांचा खेळ). गेल्या ६००० हँड्समध्ये (डावांत) एक्क्यांची जोडी ३१ वेळा आली, त्यातल्या ९ वेळा फ्लॉपच्या आधीच ऑल-इन (सगळे चिप्स आत) लागलं आणि ४ वेळा हरलो. चार!! समोर कधी राजांची जोडी, कधी राण्यांची, आणि त्यांचं तिसरं पान रिव्हरला हजर, जसं काही कुणी बोलावलंच होतं.

परवाचे दोन हँड सांगतो. पहिला, माझ्याकडे राजांची जोडी, फ्लॉप राजा-नव्वी-नव्वी. फ्लॉपलाच फुल हाउस (एकाची तीन, दुसऱ्याची दोन पानं), मनात म्हटलं आज वसूल. सगळे चिप्स आत, समोरच्याने दाखवल्या नव्वीच्या दोन. चार नव्व्या! दुसरा, एक्के होते, सगळ्यात आधी बोलायची पाळी माझी, लोक पळू नयेत म्हणून फक्त दोन ब्लाइंडची रेझ केली (ब्लाइंड म्हणजे पानं बघायच्या आधीच दोघांनी टाकायची सक्तीची रक्कम, बिग आणि त्याच्या अर्धी स्मॉल; रेझ म्हणजे बोली वाढवणं), तर चार जण आले. फ्लॉप गुलाम-दश्शी-अठ्ठी, त्यात दोन बदाम. मी बेट केली, बिग ब्लाइंडवाल्याने रेझ केली, मी ऑल-इन. त्याच्याकडे राणी-नव्वी. फ्लॉपलाच स्ट्रेट (सलग पाच पानं). राणी-नव्वी घेऊन कोण खेळतं राव??

खरं सांगा, साइटवाले पानं नीट पिसतात का? का मोठे पॉट (मध्ये जमणारी रक्कम) व्हावेत म्हणून दोघांनाही मुद्दाम भारी पानं वाटतात?

गणिती_किडा

आधी आकडे. दोन पानांच्या जोड्या होतात १३२६, त्यात एक्क्यांच्या ६, म्हणजे २२१ हँड्समध्ये एकदा. ६००० मध्ये २७ च्या आसपास यायला हवे, तुला ३१ आले. तक्रार करायची तर जास्त आले म्हणून कर.

आता ते ९ पैकी ४. राजांच्या जोडीसमोर एक्के साधारण ८२ टक्के वेळा जिंकतात, राण्या-बिण्यांसमोरही तेवढेच, आपण ८० धरू. ९ वेळा पैसे आत गेले तर ४ किंवा जास्त वेळा हरायची शक्यता येते साडेआठ टक्के. म्हणजे तुझ्यासारखे बारा जण असतील तर त्यातल्या एकाची ही अवस्था असणारच, आणि इथे येऊन लिहिणार तोच, बाकीचे अकरा कशाला लिहितायत. आणि एक गंमत बघ, पाच वेळा जिंकलास चार वेळा हरलास, स्टॅक सारखे असतील तर त्या ९ हँड्समध्येही तू फायद्यातच आहेस. अपेक्षेपेक्षा कमी, पण फायद्यात.

आणि "भारी पानांनीच स्टॅक जातो" म्हणतोस ते बरोबरच आहे, दुसऱ्या कशाने जाणार? कचरा पानं तू फेकतोस. अख्खा स्टॅक घालवायला आधी तो आत टाकावा लागतो, आणि तो आपण भारी पानांवरच टाकतो.

जुनाट_पत्तेबाज

तीन प्रकार एकाच पोत्यात भरलेस. एक्के विरुद्ध राजे आणि रिव्हरला राजा, हा बॅड बीट, म्हणजे पुढे असताना नशिबाने हरणं. फुल हाउससमोर चार नव्व्या, हा कूलर, म्हणजे भारी पानांसमोर त्याहून भारी, तिथे जगातला कुणीच पानं टाकत नाही, वाचायला तुला उरलेला एकच राजा यायला हवा होता, म्हणजे दोन पानांत मिळून साडेचार टक्केही नाहीत. हे दोन सोडून दे.

पण तिसरा प्रकार, तो राणी-नव्वीवाला हँड, तुझी चूक आहे, वाईट वाटून घेऊ नकोस. पॉट मोज. तुझे २, तीन जणांनी कॉल केले (तेवढेच टाकले) त्यांचे ६, स्मॉल ब्लाइंड अर्धा टाकून गेला, बिग ब्लाइंडचा १ आधीच आत. साडेनऊ झाले. आणि त्या बिचाऱ्याला अजून किती टाकायचेत? एक. एक टाकून साडेनऊसाठी खेळायला मिळतंय, राणी-नव्वीच काय तो त्याहून फालतू पानंही खेळेल आणि बरोबर खेळेल. आमंत्रण तू दिलंस आणि पाहुणा आला म्हणून ओरडतोयस!

एक्के एकट्यासमोर ८५ टक्के असतात, पण चार जणांसमोर, अगदी कुठलीही पानं धरली तरी, ५६ च्या आसपास येतात. त्यात गुलाम-दश्शी-अठ्ठी आणि दोन बदाम, म्हणजे कॉल करणाऱ्यांना सगळ्यात जास्त लागणारा फ्लॉप. इतक्या जणांत कुणी जोरात रेझ केली तर तुझ्याकडे एक जोडी आहे, बस. एक्क्यांची असली तरी एकच जोडी. पण हातात आले की टाकवत नाहीत, माझीही पाच-सहा वर्षं त्यातच गेली.

टिल्ट_मास्तर

एक्के हरले की मी नेहमी शांतपणे लॅपटॉप बंद करतो.

मग उघडतो आणि वरच्या स्टेकला बसतो 😭

शंकेखोर

गणित मान्य, पण शंका घेणं अगदीच वेडेपणा नाही हां. १९९९ साली एका पोकर सॉफ्टवेअरचा पिसायचा कोड कंपनीने स्वतःच वेबसाइटवर ठेवला होता, बघा आम्ही किती प्रामाणिक म्हणून. काही प्रोग्रामरनी तो वाचला तर पिसणं सुरू व्हायचं कॉम्प्युटरच्या घड्याळावरून, मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले त्या आकड्यावरून. दिवसाचे मिलिसेकंदच ८ कोटी ६४ लाख, म्हणजे जास्तीत जास्त तेवढेच वेगवेगळे कॅट, खरे तर ५२ पानांचे क्रम आठावर ६७ शून्यं इतके असतात. घड्याळ सर्व्हरशी जुळवलं की दोनेक लाखच उरायचे. स्वतःची दोन पानं आणि फ्लॉपची तीन बघून ते सगळ्यांची पानं सांगायचे, पुढचा टर्न आणि रिव्हरसुद्धा.

जुनाट_पत्तेबाज

हो, पण त्यात फसलं कोण ते बघ ना. पिसण्यातली ती भोकं ज्याला कळली तो सगळ्यांची पानं बघून खेळला असता. एक्केवाल्याला रडवायला कुणी ते बनवलं नव्हतं. २००७ चं ॲब्सोल्यूट पोकरचं लफडंही तसलंच, एका खात्याला समोरच्यांची पानं दिसत होती, आणि पकडलं खेळाडूंनीच, हँड हिस्टरी (खेळलेल्या डावांची नोंद) तपासून. म्हणजे शंका असेल तर हिस्टरी उतरवून मोजा. मुद्दाम भारी पानं वाटत असतील तर लाखभर हँड्समध्ये जोड्यांच्या आकड्यात ते दिसेलच, लपणार कुठे?

गणिती_किडा

+१. अजून एक, प्रत्यक्ष टेबलवर तासाला तीसेक हँड होतात, म्हणजे एक्के सातेक तासांतून एकदा. ऑनलाइन चार टेबलं लावली की तासाला अडीचशे होतात, म्हणजे जवळजवळ दर तासाला एक्के. महिनाभरात व्हायचे अपघात दोन-तीन संध्याकाळीत होतात, मग वाटणारच की साइट मागे लागलीये.

@रिव्हरचा_मारा, तुझ्याकडे एकूण किती बाय-इन (एकदा टेबलवर बसायला लागणारी रक्कम) आहेत? दहा-बारावर खेळत असशील तर असे चार हँड सहज झोपवतील, निदान तीस-चाळीस ठेव. आणि हिस्टरीत एक फिल्टर लाव, पैसे आत गेले तेव्हा *तू* मागे होतास आणि तरी जिंकलास, असे हँड किती.

रिव्हरचा_मारा

बाय-इन नऊ होते, आता पाच. हसू नका.

फिल्टर लावला. सात हँड निघाले. त्यातला एक, माझ्या सत्त्यांची जोडी, समोर एक्के, टर्नला सत्ती. त्याने चॅटमध्ये मला काय काय लिहिलंय ते आत्ता वाचलं, शेवटी "ही साइट फिक्स आहे". मला हा हँड आठवतच नव्हता, आईशप्पथ.

बरं मग पहिल्या पोझिशनवरून एक्के आले तर किती रेझ करू?

जुनाट_पत्तेबाज

तीन ब्लाइंड. आणि बाकी चांगल्या पानांनाही तेवढीच, नाहीतर दोन दिवसांत सगळ्यांना कळेल.