हवेतली ३६० अंशांची गिरकी पूर्ण होत नाही, २७० वर अडकते. मोठेपणी फ्रीस्टाइल स्कीइंग शिकलेल्यांनी मदत करा

नमस्कार मंडळी,

वय ४१. साधं स्कीइंग बारा वर्षं करतेय. उड्या आणि गिरक्यांकडे मात्र दोन हंगामांपूर्वीच वळले. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये स्लोपस्टाइल (उड्या आणि अडथळ्यांवरच्या कसरतींचा प्रकार) पहिल्यांदा आलं, तेव्हापासून मनात होतं. पण 'हे लहानपणीच शिकायचं असतं' हे ऐकण्यात बरीच वर्षं गेली. आता सुरू केलंय आणि सोडायचं नाहीये.

काय जमतं ते आधी सांगते, म्हणजे अंदाज येईल. दोन्ही टोकं वळलेल्या ट्विन टिप स्की आहेत. पहिला पूर्ण हंगाम उलटं, म्हणजे स्विच, उतरायला शिकण्यात घातला आणि त्याचा फार फायदा झाला. छोट्या किकरवरून, म्हणजे उडीसाठी रचलेल्या बर्फाच्या चढावरून, सरळ उडी येते, हवेत हाताने स्की पकडायचा सेफ्टी ग्रॅब येतो, डावीकडे १८० दहापैकी आठ वेळा नीट उतरते. बॉक्सवर, म्हणजे घसरायच्या रुंद सपाट अडथळ्यावर, सरळ घसरता येतं, आडवं नाही. ते सध्या राहू दे.

अडतंय ते ३६० ला. २७० पर्यंत पोचते, नजर खाली बर्फावर जाते आणि तिथेच अंग उघडतं. हात पसरतात, गिरकी मंदावते, स्की उताराला आडव्या टेकतात, कडा रुतते आणि मी कुशीवर आपटते. गेल्या खेपेला सलग सहा वेळा हेच झालं. शिकवणारे म्हणाले, जोर कमी पडतोय, आणखी जोरात फिर. तसं केलं तर खांदा खाली गेला, हवेतच तिरकी झाले आणि डोकं आपटलं. मला काही झालं नाही, हेल्मेटला तडा गेला म्हणून ते बदललं. पण तेव्हापासून किकरच्या टोकाशी आले की पाय आखडतात.

एवढं कळतं की गिरकीचा सगळा जोर बर्फावर असतानाच घ्यावा लागतो. हवेत तो वाढत नाही, हात अंगाशी घेतले तर फक्त फिरण्याचा वेग वाढतो. मग चुकतंय कुठे? जोर, वेळ की नजर? आणि ही भीती तुम्ही कशी घालवलीत? गुडघ्यांचीही काळजी वाटते, त्याबद्दलही लिहा.

प्रतिसाद १

मी ३७ व्या वर्षी सुरुवात केली होती, त्यामुळे तुमचं वर्णन वाचताना माझेच दिवस आठवले. जोर कमी आहे असं मला वाटत नाही. बहुतेक तुम्ही टोकाच्या आधीच फिरायला लागता. मग स्की टोकावरच आडव्या होतात, वर उसळी मिळत नाही आणि हवेतला वेळ कमी पडतो. कुणाला तरी बाजूने व्हिडिओ काढायला सांगा आणि तुमचे पाय टोक सोडतात तो क्षण थांबवून बघा. स्की कुठे वळल्यात ते लगेच दिसेल. आधी सरळ उसळी, आणि ती घेत असतानाच खांदे व डोकं डावीकडे. दोन्ही खांदे एका पातळीत हवेत. जोर लावायला गेलं की डावा खांदा पडतो, तुमचं तेच झालं.

नजरेचं म्हणाल तर हनुवटी डाव्या खांद्याकडे नेऊन तिथेच ठेवा. पायाखालचा बर्फ बघायचा नाही, जिथे टेकायचं त्या उतरणीचा खालचा भाग शोधायचा. तो दिसेपर्यंत अंग उघडू नका.

किकरवर परत जाण्याआधी सौम्य उतारावर उडी न मारता बर्फावरच ३६० फिरा, निदान शंभर वेळा. मग एखाद्या छोट्या उंचवट्यावरून. तिथे २७० वर टेकलात तरी उरलेलं बर्फावर फिरून पूर्ण करता येतं, आणि भीती खरी तिथेच कमी होते. आणखी एक: अगदीच छोटा किकर सोपा नसतो. उतरण सपाट असेल तर लहान उडीतही जास्त मार बसतो. तीव्र उतरण असलेला जरा मोठा किकर अंगाला बरा, फक्त वेग आधी दोन-तीन सरळ उड्या मारून ठरवा. वेग कमी पडून उतरण सुरू होते त्या उंचवट्यावर आदळणं फार वाईट.

प्रतिसाद २

ट्रॅम्पोलिनवर नजरेची सवय होते, पण पायांत लांब स्की असताना अंग खूप हळू फिरतं हे धरून चाला. एअरबॅग, म्हणजे टेकायला ठेवलेली हवेची मोठी गादी, भीतीसाठी उत्तम, मात्र वाईट लँडिंगही ती पोटात घालते.

गुडघ्यांचं: मागे झुकून टेकणं टाळा, गुडघ्यातला लिगामेंट तसा तुटतो. बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सुटणारी पकड) वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि आपली खरी पातळी सांगून जाणकाराकडून लावून घ्या. स्की सुटतात म्हणून स्वतः घट्ट करू नका. आणि पाय थकले की नवी गिरकी त्या दिवशी बंद.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. जुना व्हिडिओ शोधून थांबवून पाहिला. टोकावरच स्की चांगल्याच डावीकडे वळलेल्या आहेत! इतके दिवस मी उगाच जोर वाढवत होते. उद्यापासून किकर बंद, बर्फावरच्या गिरक्या सुरू. एक विचारायचं राहिलं: उजवीकडची गिरकी आत्ताच सोबत शिकू, की डावीकडची पक्की झाल्यावर?