मदत हवी आहे: बाबांना घेऊन कॅलिफोर्नियातल्या बिशप गावाजवळ एक मुक्कामी ट्रेक, लिटल लेक्स व्हॅली की बिशप पास?

नमस्कार मंडळी,

ऑगस्टच्या शेवटी माझे बाबा (वय ६६) पुण्याहून आमच्याकडे फ्रिमाँटला येत आहेत. त्यांची एकच फर्माईश आहे, "मॉल नको, डिस्नेलँड नको, एक रात्र डोंगरात तंबूत काढू." चाळीस वर्षं सह्याद्री तुडवलेला माणूस. गेल्या डिसेंबरातही पाचनईकडून हरिश्चंद्रगड चढून कोकणकड्यावर मुक्काम करून आले.

त्यामुळे पायांची चिंता नाही, चिंता उंचीची आहे. कळसूबाई ५,४०० फूट. लिटल लेक्स व्हॅलीला जायचं तर मॉस्किटो फ्लॅटला गाडी लावतो तीच जागा १०,००० फुटांच्या वर. पहिलं पाऊल टाकतानाच कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट.

गेल्या वर्षी हे मी स्वतः भोगलंय. पहाटे घरून निघालो, टायोगा पासवरून दुपारी पोचलो आणि लगेच पाठपिशव्या चढवून चालू लागलो. चढ अगदी सौम्य, दोन मैलांत लाँग लेक. संध्याकाळी तंबू लावताना डोकं ठणकायला लागलं, रात्री दोनदा उलटी झाली आणि उजाडताच खाली उतरलो. गाडीतून खालच्या टॉम्स प्लेस गावापर्यंत येईतो डोकं उतरलंसुद्धा. मी तेव्हा ३६ वर्षांची होते. बाबांना बीपीची गोळी चालू आहे, आणि त्रास झाला तरी ते बोलणार नाहीत हे मला पक्कं माहीत आहे.

म्हणून यंदा आधी दोन रात्री बिशपला हॉटेलात काढायच्या, मग चढायचं असं ठरवलंय. दुसरा पर्याय साउथ लेकवरून बिशप पासच्या वाटेवर जाऊन तिथल्या लाँग लेकपाशी तंबू टाकायचा (नाव तेच, तळं वेगळं). सुरुवात साधारण ९,८०० फुटांवर, पण चढ जास्त. खिंडीपर्यंत, म्हणजे जवळजवळ १२,००० फुटांवर, बाबांना न्यायचं नाहीये.

परमिटचं मला कळलंय: या दोन्ही वाटा ज्यात येतात त्या इन्यो नॅशनल फॉरेस्टमध्ये रात्र काढायची तर ते लागतंच, ६० टक्के जागा सहा महिने आधी आणि उरलेल्या ४० टक्के दोन आठवडे आधी खुल्या होतात. मी दुसऱ्या खेपेची वाट बघतेय.

अडलंय ते अस्वलाला उघडता येऊ नये अशा जेवणाच्या डब्यापाशी. जेवण त्यातच ठेवायचं हा नियम आहे. आमचा डबा निळसर पारदर्शक, झाकण फिरवताना अंगठ्याने खटका आत दाबावा लागतो. परवा ओट्यावर ठेवून मीच उघडून पाहिला, दोन्ही अंगठे लाल झाले. बाबांच्या अंगठ्याच्या सांध्यात संधिवात आहे, त्यांना तो उघडणारच नाही. आणि रिकामा डबाच किलोभराहून जड.

तर, दोन्हीपैकी कुठली वाट घ्यावी? दोन रात्री पुरतील का? आणि डब्याचं काय करू?

प्रतिसाद:

ताई, बिशपला दोन रात्री राहून फारसं काही साधणार नाही. गाव ४,१५० फुटांवर आहे, कळसूबाईपेक्षाही खाली. त्याच दोन रात्री मॅमथ लेक्सला काढा, ते ८,००० फुटांच्या आसपास आहे. दिवसा वर फिरून या, झोपायला खाली या. लिटल लेक्सच घ्या. तिथे कुठूनही मागे वळलं तर तासा-दीड तासात गाडी गाठता येते, आणि बाबांसाठी हेच सगळ्यात मोलाचं.

उंचीचा त्रास टाळायच्या डायमॉक्स गोळीचा विचार असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. ते लघवी वाढवणारं औषध आहे, बीपीच्या गोळीतही तसं काही असू शकतं. डबा नाण्याने उघडणारा काळा घ्या, अंगठ्याला जोर लागत नाही. वजन तुम्हीच उचला. आणि बाबांना आधीच सांगून ठेवा, इतक्या उंचीवर लाकडं पेटवायला बंदी आहे, तीन दगडांची चूल मांडता येणार नाही. स्टोव्हवर पिठलं होतं, पण पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून तांदूळ तासभर आधी भिजवा.

धागाकर्ती:

मॅमथचं लक्षातच आलं नव्हतं! बिशपचं बुकिंग आत्ताच रद्द केलं. काळा डबा कुणाकडे असेल तर एका आठवड्यासाठी द्याल का? फ्रिमाँटच्या आसपास कुठेही येऊन घेऊन जाईन.